यरुशलेमहून आलेल्या भाकऱ्या

यरुशलेमहून आलेल्या भाकऱ्या होग्ला आमच्या गाढवाला घालायची. लपूनछपून नव्हे, भर अंगणात, सगळ्यांच्या देखत. तुकडा मोडून त्याच्या तोंडाशी धरायची आणि म्हणायची, "खा रे राजा. महायाजकाच्या आईनं पाठवल्यात. खा आणि तिच्या लेकाला भरपूर आयुष्य माग. तुझं काय जातंय? तुला कुठं घरी जायचंय?"

शेजारच्या बायका कानांवर हात ठेवायच्या. गाढव मात्र मिटक्या मारत खायचं. पीठ चांगलं असायचं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

आमचं हेब्रोन हे आश्रयाचं गाव. हातून चुकून माणूस मेला तर मारणाऱ्यानं इथं पळून यायचं. शिवेच्या आत त्याच्या केसाला कोणी धक्का लावत नाही. शिवेबाहेर तो मेलेल्याच्या भाऊबंदांना सापडला, तर त्यांनी मारावं आणि त्यांना कोणी जाब विचारू नये. हे कधीपर्यंत? तर यरुशलेमचा महायाजक मरेपर्यंत. तो गेला की गावातले सगळे आश्रित मोकळे, आपापल्या घरी जायचं, जुनं वैर तिथं संपलं. महायाजक म्हातारा असला तर तुमचं नशीब. तरुण असला तर केस इथंच पिकायचे. म्हणून महायाजकाच्या आया पहिल्यापासून इथं भाकऱ्या आणि कपडे पाठवत आल्या आहेत. ज्याचं पोट आपण भरतो तो आपल्या मुलाचं मरण मागणार नाही, असा त्यांचा हिशेब.

बाकीचे आश्रित वेशीपाशी जाऊन वाटा घ्यायचे, त्या माउलीला दुवा द्यायचे, आणि खोलीत जाऊन मरण मागायचंच ते मागायचे. होग्ला वाटाही घ्यायची आणि मरणही मागायची, फक्त दोन्ही उघड्यावर. कणीक मळताना तर रोजच. एक बुक्की पिठाला आणि एक वाक्य देवाला. "ने त्याला. ने एकदाचा. तुझ्याजवळच असतो ना तो सारखा? मग जवळच ठेवून घे."

"अगं, हळू बोल," मी म्हणायची. आम्ही लेवी, मंदिराच्या सेवेतल्या कुळातले. माझा नवरा असीर पाळीप्रमाणे यरुशलेमला मंदिराच्या दारावर पहाऱ्याला जायचा. आमच्या अंगणातून असले शब्द बाहेर जाणं बरं नव्हतं.

"हळू कशाला, वहिनी? देवाला ऐकू जायला नको?"

होग्ला आणि तिचा नवरा अहीराम मूळचे हलहूलचे, आश्रयाला आमच्या घरात राहणारे. आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, उभं राहिलं की उत्तरेच्या टेकडीवर हलहूल दिसतं, अगदी कोणाच्या घरातून धूर निघतोय ते सुद्धा. सकाळी निघालं तर ऊन चढायच्या आत पोचता येतं. पण अहीराम पोचू शकत नव्हता.

झालं होतं ते एवढंच. पाऊस यायच्या आधी धाब्यावर नवी माती घालतात आणि दगडी रूळ फिरवून ती दाबून घेतात, नाहीतर घर गळतं. अहीराम रूळ फिरवत होता. रूळ कडेवरून निसटला. खालच्या बोळातून शेजारचा यतेर चालला होता. तरणाताठा माणूस, ना दारुडा ना भांडखोर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. जागच्या जागी गेला.

पंचांपुढे बसवून अहीरामला विचारलं, "रूळ तू पुढं ढकलत होतास की आपल्याकडं ओढत होतास?"

आमच्याकडे या प्रश्नावर माणसाचं आयुष्य ठरतं. ओढताना निसटला तर तो दैवाचा घाला, माणूस उठून घरी जातो. ढकलताना निसटला तर आश्रयाच्या गावी. धाब्यावर दुसरं कोणी नव्हतं. पाहिलेलं कोणी नव्हतं. अहीराम म्हणाला, "ढकलत होतो. आणि खाली कोण आहे ते ओरडून विचारलं नाही."

"पुढचं कोणी विचारलं होतं तुम्हाला?" होग्ला हे त्याला आमच्या अंगणात किती वेळा म्हणाली असेल याला गणती नाही. "पंचांनी विचारलं, ढकलत की ओढत. म्हणायचं, ओढत. जीभ झडली असती का?"

"ढकलत होतो गं," तो म्हणायचा.

"माहीत आहे मला! मी खाली चुलीपाशी होते, रूळ माझ्या डोक्यावरच फिरत होता, आवाजावरून कळत होतं. मला विचारलं असतं तर मी ओढत म्हणाले असते."

"म्हणून तर बायकांना विचारत नाहीत," असीर एकदा गमतीत म्हणाला. त्यानंतर महिनाभर होग्लानं त्याच्या ताटात वाढलं नाही. मी बाहेरगावी गेले होते आणि स्वयंपाक तिच्याकडे होता, त्यामुळे त्याला ते चांगलंच जाणवलं.

अहीराम असा माणूस होता की त्याच्यावर रागावणं सुद्धा कठीण, आणि रागावल्याशिवाय राहणंही कठीण. आश्रिताला गावात कोणी मान दिला, वरच्या जागी बसवलं, तर त्यानं "मी माणूस मारलेला आहे" असं सांगायचं, अशी रीत आहे. त्यावर समोरच्यानं "असू दे, बस" म्हणायचं. एकदा सांगितलं की पुरतं. अहीराम दर वेळी सांगायचा. द्राक्षांच्या काढणीला आम्ही जेवायला बोलावलं तरी दारात उभा राहून, "भाऊ, मी माणूस मारलेला आहे."

"अरे बाबा, ठाऊक आहे. माझ्याच घरात राहतोस," असीर म्हणायचा. "ये, वरण थंड होतंय."

होग्ला आतून ओरडायची, "सांगा सांगा. गाढवाला राहिलंय सांगायचं."

असीर यरुशलेमहून परतला की वेशीपासूनच आश्रित त्याच्यामागे लागायचे. प्रश्न एकच, आणि वरवर पाहता किती प्रेमाचा. "महायाजकांची तब्येत कशी आहे?"

"खोकला झालाय थोडा."

"अरेरे," म्हणता म्हणता त्यांचे चेहरे उजळायचे.

"पोट पण बिघडलं होतं. तिथं काय, दिवसरात्र बळीचं मांसच खायचं आणि थंड फरशीवर अनवाणी उभं राहायचं. सगळ्याच याजकांची पोटं बिघडतात."

"मग?"

"मग काय, वैद्य आहे मंदिरात. बरे झाले."

एवढं ऐकलं की सगळे पांगायचे. होग्ला पांगायची नाही. "वैद्य आहे! बघा. त्याच्या पोटाला सुद्धा वैद्य ठेवलाय. वहिनी, तुमच्या नवऱ्याला म्हणावं, त्या वैद्याला जरा दारावरच अडवत जा."

हा महायाजक अहीरामच्याच वयाचा होता. तेच तिला सर्वांत जास्त लागायचं. दोघांचे केस एकाच वेगानं पांढरे होणार होते.

होग्लावर कसलंच बंधन नव्हतं. ती हलहूलला जाऊ शकत होती आणि जायची, वर्षातून एकदा, पावसाच्या आधी. एकटीनं धाब्यावर माती चढवायची आणि रूळ फिरवायची. तोच रूळ. गावानं तो विहिरीपलीकडे टाकून दिला होता, तिनं तो परत आणला. लोक म्हणाले, माणूस मारलेला दगड घरावर कसा ठेवतेस? ती म्हणाली, "दगडाला आश्रयाच्या गावी पाठवायचं राहिलं का? घर पडलं तर माणूस येईल कुठं? तुमच्याकडे?" रूळ ती ओढायची. कधीच ढकलायची नाही. आणि ओढण्याआधी कडेला जाऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "खाली कोण आहे? बाजूला व्हा!"

मेलेल्याचा भाऊ गारेब समोरच राहायचा. तो दार लावून घ्यायचा, एवढंच.

गाढवाची गोष्ट यरुशलेमपर्यंत जाणारच होती. एका वर्षी भाकऱ्यांबरोबर ती म्हातारी स्वतः आली. महायाजकाची आई, खेचरावर बसून, बरोबर दोन गडी. गावचे वडीलधारे वेशीवर ओळीनं उभे राहिले. ती त्यांना म्हणाली, "ती बाई कुठं राहते?" आणि थेट आमच्या अंगणात येऊन उतरली. बारीक चणीची होती, पायांना सूज. मी चटई टाकली तर बसली नाही.

होग्ला कणीक मळत होती. तिनं हात धुतले नाहीत.

"तूच का गं माझ्या मुलाचं मरण मागतेस?"

"मीच. बाकीचे पण मागतात, पण ते तुमच्या भाकऱ्या खाऊन मागतात. मी निदान उपाशी मागते."

म्हातारीनं गठडी सोडली. आत पांढऱ्या लोकरीचा अंगरखा होता, जाडसर, घट्ट विणीचा. "दुसऱ्यांचे दासींनी विणलेत. हा मी विणला. डोळे जातायत माझे, बोटांनी चाचपून विणला. तुझ्या माणसासाठी."

"किती दिवसांच्या आयुष्याचा सौदा आहे हा? बाह्या लांब आहेत, त्या अर्थी बरीच वर्षं मागत असणार."

"माझ्या मुलानं तुझं काय वाईट केलंय, पोरी?"

"काही नाही. माझ्या नवऱ्यानं तरी कोणाचं काय केलं होतं? रूळ निसटला. आता त्याचं घर तुमच्या मुलाच्या छातीला बांधून ठेवलंय. तो श्वास घेतो तोवर हा दाराबाहेर. असं कोणी ठरवलं?"

"देवानं."

"का?"

म्हातारीनं भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला. मग म्हणाली, "आमच्यात सांगतात की महायाजकानं सगळ्या लोकांसाठी नीट प्रार्थना केली असती तर असे अपघात झालेच नसते. म्हणून त्याचा जीव त्यात गुंतवलाय."

"झालं तर मग!" होग्लानं पिठाचा हात आपटला. "वर्षातून एकदा तो त्या आतल्या गाभाऱ्यात जातो. दुसऱ्या कोणाला पाऊल टाकायची परवानगी नाही तिथं. तिथं उभा राहून हलहूलच्या अहीरामचं नाव घेतो का?"

"तो सगळ्यांसाठी मागतो."

"मी पण सगळ्यांसाठी भाकरी करते म्हणाले आणि एकाच्याही पानात वाढली नाही, तर चालेल?"

गड्यांपैकी एकजण पुढं झाला. म्हातारीनं त्याला हातानंच मागं सारलं. तिचा आवाज चढला. "तुला वाटतं तो मोकळा आहे? बाप गेला तेव्हा त्याला मढ्याजवळ जाऊ दिलं नाही. प्रेताला शिवायचं नाही, कपडे फाडायचे नाहीत, केस मोकळे सोडायचे नाहीत. मी दाराच्या एका बाजूला रडत होते आणि तो दुसऱ्या बाजूला उभा. तोही बांधलेलाच आहे."

"त्याच्या दोरीला सोन्याच्या घंटा आहेत, बाई. आमची साधीच आहे."

एवढ्यात अहीराम रानातून आला. अंगणातली माणसं बघून दारातच थबकला आणि, मला वाटलंच होतं, म्हणाला, "आई, मी माणूस मारलेला आहे."

म्हातारीनं अंगरखा त्याच्यापुढं धरला. मग ती म्हणाली, "असू दे. ये."

त्यानं अंगरखा दोन्ही हातांनी घेतला. तिथंच अंगात घातला. म्हणाला, "मी तुमच्या मुलाचं मरण मागत नाही. एकाला मारलं तेवढं पुरे. दुसऱ्याला मनात कशाला मारू?"

"घ्या!" होग्ला किंचाळली. "हा असा आहे. याच्यासाठी मी घसा फोडते. तुम्ही मागू नका हो. तुम्ही चांगले राहा. तुमच्या वाटचं पण मीच मागेन." आणि कणकेचं भांडं उचलून आत निघून गेली.

म्हातारी खेचरावर चढताना मला म्हणाली, "नाव सांगेन मी त्याला. अहीराम, हलहूलचा. सांग तिला." मी सांगितलं. होग्ला म्हणाली, "पुढच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी गाभाऱ्यात जाईपर्यंत लक्षात राहू दे त्याच्या."

राहिलं की नाही कोण जाणे. त्या दिवसानंतर एका थंडीत अहीरामच्या छातीत कफ भरला आणि तो गेला. फार त्रास न देता, जसा जगला तसाच. शेवटी एवढंच म्हणाला, "धाब्यावर माती टाकलीस ना?"

"टाकली," होग्ला म्हणाली. "तुम्ही झोपा."

ती रडली नाही. त्याच्या अंगावरचा तो पांढरा अंगरखा काढून तिनं घडी घातली, बाजूला ठेवला, आणि त्याला त्याच्या जुन्या कांबळ्यात गुंडाळलं. मग सरळ वेशीवर गेली. पंच बसले होते.

"आता तर न्यायला हरकत नाही ना? मेलाय तो. गारेब आता त्याला काय मारणार? हलहूलच्या गुहेत त्याच्या बापाशेजारी ठेवते."

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांतला वयानं मोठा म्हणाला, "नाही, बाई. आश्रित इथं मेला तर इथंच पुरायचा. महायाजक गेल्यावर अस्थी घेऊन जायच्या."

मी तिथं होते. होग्लाचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. तिचा आवाज मात्र अजून कानात आहे.

"मेलेल्या माणसाला कोंडून ठेवता? हाडं पळून जातील म्हणून भीती वाटते? की त्या तिकडच्याला अजून ताजं मांस हवंय, म्हणून याची हाडं ओलीस?"

"होग्ला, जिभेला आवर घाल."

"का? मी माणूस मारलेली नाही. मला कुठं पाठवणार?"

दुसऱ्या दिवशी ती हलहूलला गेली आणि गारेबच्या दारात उभी राहिली. ते तिनंच मला सांगितलं. म्हणाली, "तो मेला. झालं समाधान?"

गारेब म्हणाला, "माझं समाधान केव्हाच झालं होतं. तू पहिल्या वर्षी एकटी रूळ ओढताना दिसलीस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? मी सोडून उपयोग नव्हता. पंच सोडणार नव्हते. आणि गाव म्हणालं असतं, याला भावाची किंमत नाही."

"मी त्याच्या तोंडावर थुंकले, वहिनी," होग्ला म्हणाली. "त्यानं पुसलं नाही. तेवढं बरं केलं." मग कणकेवर एक बुक्की घातली. "शिवेवरच्या दगडापाशी जाऊन उभे राहायचे हे रोज संध्याकाळी. टेकडीकडं बघत. आणि तिकडं ज्यानं मारायचं तो दार लावून रडत बसलेला. कोणी कोणाला सांगितलं नाही."

अहीरामला आमच्या गुहेत ठेवलं. होग्ला हलहूलला राहायला गेली असती तर कोणी अडवलं नसतं, पण ती गेली नाही. "त्याला एकट्याला लेव्यांच्यात टाकून?" भाकऱ्या येत राहिल्या. गाढव म्हातारं झालं, दात गेले, तर भिजवून घालायची. मरण मागायचीही तशीच, फक्त आता त्यात विनवणी राहिली नव्हती. नोकराला काम सांगावं तशी देवाला सांगायची. "अजून नाही? कधी करणार?"

आणि मग एका दुपारी असीर पाळी अर्धी टाकून आला. अंगरख्याचा गळा फाडलेला. वेशीवरच आश्रितांना कळलं. मोठ्यानं हसायची सोय नव्हती, महायाजकाचं सुतक होतं. पण घराघरातून गाठोडी बांधल्याचे, भांडी खडखडल्याचे आवाज यायला लागले. एक म्हातारा रस्त्यातच बसून पायातल्या चपलांचे बंद बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता.

मी होग्लाला सांगायला गेले. ती भट्टीपाशी होती.

"कशानं?" तिनं विचारलं.

"पोटानंच."

"आणि ती म्हातारी?"

"आहे. डोळ्यांनी काही दिसत नाही म्हणे."

होग्ला उठली. मला वाटलं आता रडेल किंवा हात जोडेल. तिनं भट्टीला अशी लाथ मारली की कडेचा मातीचा पोपडा निघून पडला. "आता! आता ऐकलं त्यानं! घरी न्यायला नवरा होता तेव्हा बहिरा होता!"

अस्थी गोळा करायला मी तिच्याबरोबर गुहेत गेले. तिनं घडी घालून ठेवलेला तो पांढरा अंगरखा आणला होता. कसर लागू नये म्हणून इतकी वर्षं त्यात कडू पाला घालून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. त्यात एकेक हाड ठेवलं, बाह्यांनी गाठ मारली. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "बघता काय? त्यांनी घेतला होता तो. दोन्ही हातांनी. त्यांचाच आहे."

आम्ही तिघं हलहूलला गेलो. असीरला तसंही त्याच रस्त्यानं यरुशलेमला परत जायचं होतं. शिवेवरचा दगड आला तेव्हा माझी पावलं आपोआप मंदावली. होग्लाची नाही. गाठोडं छातीशी धरून ती तशीच पुढं गेली.

गुहेचा दगड सरकवायला गारेब आला. कोणी बोलावलं नव्हतं. होग्लानं त्याला काम करू दिलं.

घरी आल्यावर तिनं पदर खोचला आणि आधी धाब्यावर चढली. अजून पावसाला अवकाश होता, पण भेगा पडल्या होत्या. वरून तिचा आवाज आला, रागीट, घसा फाटेल असा, "खाली कोण आहे? बाजूला व्हा!" गल्लीतली माणसं निमूट भिंतींना टेकली. मग डोक्यावर दगडाची घरघर सुरू झाली. ओढण्याची.

खाली उतरली ती घामानं थबथबलेली. स्वतःच्या चुलीत इतक्या वर्षांनी जाळ केला. पीठ मळलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ती मळताना गप्प होती. भाकऱ्या भाजल्या, फडक्यात बांधल्या आणि असीरच्या हातात दिल्या.

"वाटेत खायला?" असीर म्हणाला.

"तुमच्यासाठी नाहीत. त्या म्हातारीला द्या. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच भाकरी द्यायची असते. तिला आता शेजारी कोण राहिलंय? सगळे नव्या महायाजकाच्या आईकडे पळाले असतील."

असीरनं गाठोडं घेतलं. दोन पावलं गेला तर तिनं मागून हाक मारली.

"आणि सांगा तिला, हलहूलच्या अहीरामच्या घरच्या आहेत. खायच्या नसल्या तर गाढवाला घातल्या तरी माझी हरकत नाही."